मी उत्तरं मागणारी, पण माझं कोण ऐकतं?

मी एक प्रश्नावली बोलतेय. जन्मभर मी लोकांना विचारत आले. आज मात्र मला विचारायचं नाही, सांगायचं आहे. आणि गोड बोलून सांगायची माझी मनःस्थिती नाही.

माझा जन्म परक्या देशातला, इंग्रजीतला. माणसांना तंत्रज्ञानाबद्दल काय वाटतं, हे मोजणारे अठ्ठावीस प्रश्न म्हणजे मी. चीनमधल्या लानचौ शहरातल्या एका विद्यापीठातल्या छू मिनरोंग नावाच्या संशोधिकेनं मला चिनी केलं. तिनं भाषांतर केलं की दुसरी बाई ते उलट इंग्रजीत करून पाहायची. 'मला यंत्रांसोबत सहज वाटतं' हे वाक्य उलटून आलं ते 'यंत्राजवळ बसलं की माझी कंबर दुखत नाही' असं! दोघी पोट धरून हसल्या. मग मिनरोंगनं आठ दिवस त्या एका शब्दासाठी डोकं फोडलं. अशी माया मला पुन्हा मिळाली नाही.

पुढं वस्तीच्या सभागृहात ज्येष्ठांना माझ्या प्रती वाटल्या. लोकरीच्या गिरणीतून निवृत्त झालेल्या निए आजींनी चष्मा लावला आणि सरसकट 'पूर्ण सहमत'वर खुणा करत सुटल्या.

"आजी, नीट वाचलंत ना?" मिनरोंगनं विचारलं.

"वाचलं गं. पण नाही म्हटलं तर आमची वस्ती मागासलेली ठरेल. वस्तीच्या समितीतल्या बाईंनी चहा पाजलाय, त्यांचं नाक कशाला कापू?"

"मग खरं काय ते मला तोंडी सांगा."

आजींनी पेन खाली ठेवलं. "लेकीचा चेहरा फोनवर दिसतो, ते मला आवडतंच. खोटं कशाला बोलू? पण इस्पितळात डॉक्टरांना दाखवायचा नंबरही फोनवरूनच घ्यायचा म्हणे. आमच्या म्हाताऱ्याला दम लागतो. तीनदा गेलो, तीनदा परत आलो. खिडकीवरची मुलगी म्हणते, 'घरात तरुण माणूस नाही का?' तरुण माणूस आणू कुठून, बाजारातून? आणि तुझा कागद विचारतो, आवडतं का! अगं, आवडीचा प्रश्न येतो कुठं?"

मला चपराक बसली. अठ्ठावीस प्रश्न, पण या बाईचं दुखणं मावेल असा एकही नाही!

मिनरोंगनं माझ्यात दोन प्रश्न घालायचं ठरवलं: 'फोनशिवाय माझं काम होऊ शकतं' आणि 'मला नको म्हणता येतं'. तिचे वरिष्ठ प्राध्यापक दू यांनी दोन्ही खोडले.

"मूळ प्रश्नावलीत नाहीत. भर घातली तर परदेशातल्या आकड्यांशी तुलना कशी करायची?"

"सर, पण ही माणसं भिडेखातर हो म्हणताहेत."

"भीड मोजायचं काम आपल्याकडे नाही."

अहवाल निघाला: ज्येष्ठ नागरिक नव्या तंत्रज्ञानाबद्दल उत्साही. खाली माझं नाव, छान छापलेलं. तोच अहवाल पुढं करून इस्पितळानं, जिथं माणसाशी बोलता येई ती उरलेली एकमेव खिडकीही बंद केली. माझ्या साक्षीवर! मला हात असते तर मी स्वतःला टराटरा फाडलं असतं.

मिनरोंगनं अहवालातून आपलं नाव काढून घेतलं. प्राध्यापकांनी तिला प्रकल्पातूनच काढलं. तिनं ते दोन प्रश्न घालून मला स्वतः छापलं आणि सुट्टीच्या दिवशी घरोघर नेऊ लागली. पहिलं दार निए आजींचं. आतून आजोबांचा खोकला ऐकू येत होता. 'मला नको म्हणता येतं' या ओळीपाशी आजी थांबल्या आणि 'पूर्ण असहमत'वर पेन असं दाबलं की कागद फाटला.

"दुसरा कागद देऊ का?"

"नको. असाच दाखव त्यांना."

मिनरोंगनं अशा दोनशे अकरा प्रती इस्पितळात नेऊन दिल्या. पोच मिळाली, उत्तर नाही. खिडकी अजून बंदच आहे. माझी ती देखणी बहीण, प्राध्यापकांची अठ्ठावीस प्रश्नांची प्रत, परिषदांतून मिरवते. मी इथं इस्पितळाच्या कपाटात, न वाचलेली, धूळ खात पडले आहे.

तुमच्या हाती कधी माझ्यासारखा कागद आला, तर कुणाचं मन राखायला खूण करू नका. आणि तुम्हीच प्रश्न लिहिणारे असाल, तर आधी खुर्ची ओढून त्या म्हाताऱ्या माणसासमोर बसा. ते बोलत असताना पेन उचलू नका.