काट्यावरची भिंगरी

लोकांची पोरं बाप झाली की शहाणी होतात. मास्तरीणबाईंचा लेक बाप झाला आणि होती नव्हती तेवढी अक्कल वजनकाट्यावर वाहून मोकळा झाला. दर रविवारी सकाळी, घरात अजून कुणी तोंडही धुतलेलं नसताना, हा लेकीला काखोटीला मारून न्हाणीघरात जाणार, काट्यावर चढणार, मान वाकडी करून खालचा आकडा बघणार आणि असा सुस्कारा टाकणार की शेजाऱ्यांना वाटावं, यांच्याकडे कुणी गेलं की काय!

मास्तरीणबाईंचं शिवणकामाचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे घर, मधे एक पडदा. कपडे बेतणाऱ्या पुरुषाला मास्तर म्हणतात, म्हणून त्या मास्तरीण. एरवी शाळेशी त्यांची ओळख दुसरीपर्यंतची, तीही उडत उडत. पण माणूस दारातून आत आला की कंबर, छाती, खांदा त्यांना नुसत्या नजरेने कळायचा. टेप लावायचा तो गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी.

लेकाचा चाव्या करायचा गाळा दुकानाला लागूनच होता. हातात कसब होतं, डोक्यात हट्ट. आणि त्याची लेक म्हणजे भिंगरी. सतरा महिन्यांची. नाव कागदावर वेगळं होतं, पण एका जागी ठरेल तर शपथ, म्हणून भिंगरीच. भात, अंडं, केळं, सगळं खायची. म्हणजे अर्धं पोटात घालायची आणि अर्धं फरशीला भरवायची. मग आईच्या गळ्यात पडून अंगावर प्यायची आणि पुन्हा पळायची.

भिंगरीचं सगळं बरं चाललं होतं. सहा आठवड्यांपूर्वी दवाखान्यातल्या नर्सने लस टोचून वजन केलं, नऊ किलो सहाशे. म्हणाली, "अंगावर पिणारी मुलं वर्षानंतर जरा सावकाश भरतात. ही आपल्या रेषेला धरून चाललीय. जेवण देत राहा, दूधही चालू ठेवा. तीन महिन्यांनी या."

सूनबाई हसत बाहेर आली. पण बाहेरच्या बाकावर एका बाईच्या मांडीत एवढ्याच वयाचा एक भोपळा बसला होता. मनगटाला वळ्या, मानेला वळ्या, वळीला वळ्या. "बाटलीचं पितो," त्याची आई म्हणाली. झालं! लेकाने एकदा भोपळ्याकडे बघितलं, एकदा भिंगरीच्या काडीसारख्या पायांकडे, आणि त्याच दुपारी काटा विकत आणला.

आता भिंगरी काट्यावर एकटी उभी राहायला ती काय पिशवी आहे? म्हणून याने युक्ती काढली. आधी स्वतःचं वजन केलं, चौऱ्याहत्तर. ते न्हाणीघराच्या दारावर खिळ्याने कोरून ठेवलं. मग लेकीला घेऊन उभा राहिला आणि चौऱ्याहत्तर वजा केले. बरोबर नऊ-सहाशे! स्वतःवरच इतका खूश झाला की विचारू नका. "मूळ चावी नीट असली की तिच्यावरून हव्या तेवढ्या काढता येतात," म्हणाला.

पुढच्या रविवारी नऊ-तीनशे. त्याच्या पुढच्याला नऊ. लेकाच्या तोंडचं पाणी पळालं. भोपळा बघितल्यापासूनच तो स्वतःच्या ताटातलं अंडं लेकीपुढे सरकवत होता; आता केळंही लेकीपुढे, दुधावरची सायही लेकीपुढे. रात्रीचं जेवण तर नावालाच. लेक मात्र त्याच्या ताटातलं हाणून पुन्हा आईकडे धावायची. तो बायकोकडे असा बघायचा, जणू तिने दुधात पाणी घालून विकायला काढलंय. सूनबाई आधी चिडली, मग गप्प झाली, मग दुकानात बटणांची काजं करता करता डोळे पुसायला लागली.

मास्तरीणबाई हे सगळं बघत होत्या आणि, खोटं कशाला बोला, त्यांना स्वतःचे दिवस आठवायचे. हाच लेक सात महिन्यांचा असताना त्यांच्या सासूने "तुझं दूध म्हणजे नुसतं पाणी" म्हणून तोडायला लावलं होतं. तेव्हा तोंड उघडलं नव्हतं. ती एकच वेळ. त्यानंतर जे उघडलं ते आजतागायत मिटलेलं नाही.

आणि आज सहावा रविवार. दुकानात पोस्टमन पाटावर उभा, नव्या पँटच्या दोन्ही पायांना टाचण्या लागलेल्या. मास्तरीणबाई गुडघ्यावर बसून तळ दुमडत होत्या. सूनबाई मशीनवर, आणि भिंगरी पोस्टमनच्या पायाला प्रदक्षिणा घालत होती. तेवढ्यात पडदा सरकवून लेक आला, हातात हा एवढा डबा.

"आठ!" तो म्हणाला. "फक्त आठ किलो! आजपासून अंगावरचं बंद. एकदम बंद. ही दुधाची पावडर आणलीय."

सूनबाईचं मशीन थांबलं. "माझं दूध पुरत नाही असं तुम्हाला वाटतं, हो ना? सरळ बोला ना एकदा."

"मी कुठे म्हणालो? काटा म्हणतोय."

"काट्याला तोंड फुटलंय का?" मास्तरीणबाई तोंडात टाचण्या धरूनच म्हणाल्या.

"आई, तू मधे पडू नकोस."

"मी मधे नाही पडले, खाली बसलेय. बोल तू."

सूनबाई उठली. चेहरा असा की आता हिने हो म्हणायचं ठरवलंय. "आणा तो डबा. माझ्यामुळे पोरीचे हाल नकोत. आजपासून नाही पाजणार."

पोस्टमनला कळेना की खाली बघावं की वर. टाचण्यांमुळे पळताही येईना. भिंगरी तेवढ्यात टेप घेऊन धूम पळाली, तिच्या मागे तिचा बाप. एका हातात डबा, दुसऱ्या हाताने पँट धरलेली.

"अरे, कमरेवर हात ठेवून भांडायला निघालास की नाचायला?" मास्तरीणबाई म्हणाल्या.

"पँट सरकतेय गं. तेवढी आवळून दे ना. दीड इंच तरी."

"तीन आठवड्यांमागेच एक इंच आवळली की!"

"मग पुन्हा सैल झाली. तुझी शिलाई उसवली असेल."

पोस्टमनने श्वास रोखला. मास्तरीणबाईंची शिलाई उसवली, असं या गल्लीत आजवर कुणी म्हटलं नव्हतं आणि म्हणून जिवंत राहिलंही नव्हतं. त्या सावकाश उठल्या. तोंडातल्या टाचण्या एकेक काढून उशीत खोचल्या. लेकाच्या पँटची कंबर उलटवून बघितली. शिलाई जशीच्या तशी. मग भिंगरीच्या मुठीतून टेप सोडवला आणि लेकाच्या कमरेला गुंडाळला. मग भिंगरीला ओढून तिच्या फ्रॉकच्या बगलेत बोट घातलं. बोट अडकलं. गेल्याच आठवड्यात त्यांनी तिच्या दोन फ्रॉकांचे तळ उसवून खाली सोडले होते.

त्यांनी दोघांकडे बघितलं. वर बाप, खाली लेक.

"पोरगी किती घटली म्हणालास?"

"दीड किलोच्या वर!"

"घटणाऱ्या पोरीचे फ्रॉक मी मोठे करतेय आणि ठणठणीत बापाची पँट लहान करतेय. मी चाळीस वर्षं कापड कापतेय की गवत कापतेय? काटा आण!"

"कशाला?"

"आण म्हणते ना!"

काटा दुकानाच्या मधोमध आला. लेक लेकीला उचलायला लागला तशी त्यांनी हातावर चापट मारली. "एकटा चढ."

"माझं केलेलं आहे, आई. चौऱ्याहत्तर. दारावर लिहिलंय."

"दारावर लिहिलेलं दाराचं. तू चढ."

लेक चढला. पोस्टमन पाटावरूनच वाकून मोठ्याने वाचायला लागला, "बहात्तर!"

"काटा बिघडलाय," लेक म्हणाला.

"आता पोरीला घे."

भिंगरीला घेतलं. भिंगरीने लगेच त्याचा कान धरला. "ब्याऐंशी!" पोस्टमन ओरडला. पाटावर तोल जाऊन एक टाचणी त्याला टोचली. पण त्याला आता पर्वा नव्हती.

"मला माप येतं, वजाबाकी येत नाही," मास्तरीणबाई त्याला म्हणाल्या. "तुम्ही रोज पार्सलं मोजता. सांगा."

"दहा, मास्तरीणबाई! बरोब्बर दहा किलो! सहा आठवड्यांत चारशे ग्रॅम वर!"

 भिंगरीने टाळ्या वाजवल्या, कारण पोस्टमन नाचल्यासारखा दिसत होता.

"पण," लेक काट्यावर तसाच उभा राहून म्हणाला, "मी चौऱ्याहत्तर आहे ना."

"होतात!" सूनबाई म्हणाली, आणि तिला हसू फुटलं. असलं हसू की खुर्चीला धरावं लागलं. "अहो, होतात! तुमचं ताट पोरीने खाल्लं, आणि पोरगी रोडावली म्हणून तुम्ही जेवणच सोडलंत! स्वतःच घटत गेलात आणि तिच्या नावावर टाकत गेलात!"

पोस्टमन हसला, मास्तरीणबाई हसल्या, लेकही हसायचा प्रयत्न करायला लागला. पण हसताना पँट आणखी सरकली. भिंगरीला वाटलं, सगळे इतके खूश आहेत तर आपलीही वेळ झाली. ती बापाच्या कडेवरून खाली घसरली, आईकडे पळाली आणि तिच्या गळ्याशी ओढाताण करायला लागली. सूनबाईने तिला उचललं, डबा पायाने बाजूला सरकवला आणि पडद्यामागे गेली. तिकडून आधी भिंगरीची कुरकुर ऐकू आली, मग एकदम शांतता.

लेक काट्यावरून उतरला. खाली मान. "आई, मला खरंच भीती वाटली गं. तुला नाही कळायचं."

मास्तरीणबाईंनी टेप गळ्यात टाकला, त्याच्या समोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "कळतं. भीती वाटली, ते ठीक. बापाला भीती वाटलीच पाहिजे. पण भीती तुझी आणि आळ तिच्या दुधावर, हे माझ्या घरात पुन्हा चालणार नाही. पुढचं वजन दवाखान्यात, नर्सच्या हातून. पँट मी आवळणार नाही. तू जेवून भर. आणि आता त्या पडद्याआड जा, बायकोची माफी माग, मोठ्याने माग, या पोस्टमनलासुद्धा ऐकू आलं पाहिजे!"