रिप्रेझेंटेशनचा तिसरा अर्थ

मित्रांनो, मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे. माझा जन्म पुण्यातल्या छापखान्यात झाला, पण आयुष्य गेले हैदराबाद राज्यातल्या जैनथजवळच्या एका गावात, सुभद्राबाईंच्या हाताखाली. त्या तिथल्या मराठी शाळेत शिकवत. निजामाचे राज्य गेले, उर्दूतले हुकूम इंग्रजीत येऊ लागले, तेव्हा त्यांनी मला विकत आणले.

रोज शाळा सुटली की त्या पाच अवघड शब्द पाटीवर लिहीत. प्रत्येकाचा अर्थ पाठ करायचा, वाक्य जुळवायचे, मगच पाटी पुसायची. लोक हसत, "बाई, या वयात साहेब व्हाचं हाय का?" त्या पुढचे पान उलटत. त्यांच्या बोटांनी माझ्या कडा काळ्या पडल्या. मला त्याचा अभिमानच वाटे.

मग १९५६ साल आले. नवी राज्ये झाली, आमचे गाव आंध्रात गेले. शाळेला एक इंग्रजी पत्र आले : पंधरा दिवसांत 'रिप्रेझेंटेशन' आले नाही, तर मराठी वर्ग बंद होतील.

पत्राचा अर्थ लावायला गाव शाळेत जमले. तहसीलचे कारकून नरसिंगराव उर्दूत शिकलेले. ते म्हणाले, "रिप्रेझेंटेशन म्हणजे प्रतिनिधी. कोणीतरी हैदराबादले जाऊन साहेबापुढं उभं राहा लागते."

कापूस वेचणीला आला होता. नागोराव शेतकरी खाली मान घालून म्हणाले, "आमाले तिथं कोन वळखते? जाऊ द्या शाळा."

"काऊन जाऊ द्या?" सुभद्राबाई म्हणाल्या. त्यांनी मला सगळ्यांसमोर उघडले. पहिला अर्थ, प्रतिनिधित्व. दुसरा, चित्रण. त्यांचे बोट तिसऱ्यावर थांबले : अधिकाऱ्यापुढे लेखी मांडलेले म्हणणे.

"कोनी कुठं जायाचं नाही. आपलं म्हननं लिहून धाडायचं हाय."

नरसिंगरावांनी चष्मा लावून ती ओळ दोनदा वाचली. "मी चुकलो, बाई," ते म्हणाले आणि पहिली सही त्यांनीच केली.

अर्ज सुभद्राबाईंनी स्वतः इंग्रजीत लिहिला. एकेका शब्दासाठी मला कितीदा उघडले, मोजदाद नाही. त्रेसष्ट सह्या आणि अंगठे घेऊन तो बाराव्या दिवशी टपालात पडला.

दोन महिन्यांनी उत्तर आले. वर्ग चालू राहणार होते. बाईंनी पत्र मोठ्याने वाचले, ओळ न ओळ मराठीत सांगितली. नागोराव आपल्या रुख्मिणीला पुढे करून म्हणाले, "हिलेबी हे पुस्तक पाहाले शिकवा."

दुसऱ्या दिवशी ती नऊ वर्षांची मुलगी माझ्यावर ओणवी झाली.

मित्रांनो, आता माझी शिवण उसवली आहे. मला कपाटात जपून ठेवू नका, वापरा. पान सावकाश उलटा, थुंकी लावू नका. आणि पहिला अर्थ सापडला म्हणून मला मिटू नका. खाली अजून ओळी असतात.