फायनलचा रेफरी

ज्ञानेश १९९८ साली नागपूरहून डब्लिनला आला तो सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी. पण बॅगेत त्याने आपली शिट्टी ठेवली होती. कामठीच्या मैदानांवर त्याने बारा वर्षं फुटबॉलचे सामने चालवले होते, आणि ते सोडायचं त्याच्या मनात नव्हतं.

पहिल्याच हिवाळ्यात त्याने इथला रेफरीचा कोर्स केला. मग दर शनिवारी सकाळी पार्कातला चिखल, बारा वर्षांखालची पोरं आणि बाजूला उभे राहून आरडाओरडा करणारे त्यांचे बाप. तिथून एकेक पायरी चढत सात वर्षांत तो देशातल्या वरच्या यादीत पोचला. यादीत वीस नावं होती. पंचेचाळिशी गाठली की नाव काढायचं, असा समितीचा नियम होता. ज्ञानेश चव्वेचाळीस वर्षांचा होता, म्हणजे २००५चा मोसम त्याचा शेवटचा.

प्रत्येक सामन्याला स्टँडमध्ये एक असेसर बसे, बहुधा एखादा निवृत्त रेफरी. तो दहापैकी गुण देई. सगळं नीट झालं तर आठ पूर्णांक चार. अवघड सामना फारच चांगला चालवला तर आठ पूर्णांक पाच. पण एक मोठी चूक झाली की बाकीचा सामना कितीही चांगला गेलेला असो, आकडा आठच्या खाली. मोसमाच्या शेवटी ज्याची सरासरी सगळ्यांत वर, त्याला कपची फायनल मिळे. शेवटच्या सामन्यापर्यंत ज्ञानेश आणि आणखी एक रेफरी अगदी बरोबरीत होते.

तो शेवटचा सामना लीगचा होता, एका शुक्रवारी, किनाऱ्यावरच्या एका छोट्या गावात. त्या गावचा संघ पहिल्यांदाच कपच्या फायनलला पोचला होता. त्यांचा बचावपटू कोलम चौतीस वर्षांचा. पंधरा वर्षं त्याच क्लबात खेळलेला आणि फायनलनंतर थांबणार असं जाहीर केलेला.

पंच्याऐंशीव्या मिनिटाला पाहुण्या संघाचा फॉरवर्ड एकटाच गोलकडे सुटला. कोलमने मागून घसरत पाय घातला. फॉरवर्ड कोसळला. ज्ञानेश पंधरा पावलांवर होता. त्याने पेनल्टी दिली आणि रेड कार्ड काढलं. म्हणजे कोलमला पुढच्या सामन्याची बंदी, आणि पुढचा सामना होता फायनल.

"बॉल लागला मला! आधी बॉल!" कोलम तीनदा ओरडला. मग मान खाली घालून निघून गेला.

सामना संपल्यावर असेसर डोनल ड्रेसिंग रूममध्ये आला. त्याने स्वतः वीस वर्षं शिट्टी फुंकली होती.

"घरच्या प्रेक्षकांसमोर असा निर्णय द्यायला हिंमत लागते," तो म्हणाला. "आठ पूर्णांक पाच. फायनल तुझी, समज."

सोमवारी समितीचा फोन आला. नेमणूक नक्की होती, पत्र नंतर येणार होतं. ज्ञानेशची बायको नंदिनी हॉस्पिटलात ड्यूटीवर होती. त्याने तिला तिथेच फोन करून सांगितलं. तिने वॉर्डातल्या नर्सेसना सांगितलं, नागपूरला सासऱ्यांना सांगितलं.

समिती प्रत्येक सामन्याची डीव्हीडी रेफरीला अभ्यासासाठी पाठवत असे. ती मंगळवारी आली. संध्याकाळी ज्ञानेशने ती लावली. शेजारी तेरा वर्षांची रुचा टोस्ट खात बसली होती.

पंच्याऐंशीवं मिनिट आलं. कॅमेरा गोलच्या मागे होता. रुचाच आधी बोलली, "ही गॉट द बॉल, डॅड."

ज्ञानेशने ते दृश्य सहा वेळा पाहिलं. कोलमच्या बुटाचा चेंडूला स्पर्श स्पष्ट दिसत होता. चेंडू हातभर बाजूला गेला होता, आणि मग फॉरवर्ड त्याच्या पायावर अडखळला होता.

नंदिनी घरी आली तेव्हा त्याने तिलाही दाखवलं.

"असेसरला दिसलं हे?" तिने विचारलं.

"नाही."

"क्लबनं तक्रार केली?"

"तीन दिवसांची मुदत होती. काल संपली. मी समितीला लिहून कळवतो की चूक माझी. त्याला फायनल खेळू द्या."

"सात वर्षं आपण एक शनिवार एकत्र काढलेला नाही," नंदिनी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "रुचाच्या एका वाढदिवसाला तू नव्हतास. आता हातात आलंय तर असं करणार?"

"तो चौतीस वर्षांचा आहे गं."

"आणि तू चव्वेचाळीसचा."

बुधवारी त्याने डोनलला फोन केला. डीव्हीडीत काय दिसलं आणि समितीला पत्र लिहिलंय, ते सांगितलं.

"पाठवू नकोस," डोनल म्हणाला. "मुदत गेली. त्याची बंदी उठणार नाही. जाईल ती फक्त तुझी फायनल."

"पण मी स्वतःच चुकलो म्हणतोय."

"मैदानावरचा निर्णय अंतिम असतो, ज्ञान. तो रेफरीलाही बदलता येत नाही."

तरीही ज्ञानेशने पत्र टाकलं. रेफरीनेच चूक कबूल केली तर समिती नियम थोडा वाकवेल, अशी त्याला आशा होती.

आठ दिवसांनी एकाच पाकिटात दोन पत्रं आली. पहिल्यात कोलमची बंदी कायम असल्याचं लिहिलं होतं. दुसऱ्यात ज्ञानेशच्या प्रामाणिकपणाबद्दल आभार मानले होते आणि त्याच्याच कबुलीवरून त्या सामन्याचे गुण सात पूर्णांक आठ केल्याचं कळवलं होतं. फायनल बरोबरीतल्या दुसऱ्या रेफरीला गेली. चूक हेरता आली नाही म्हणून डोनललाही पुढच्या मोसमासाठी असेसरांमधून वगळलं. त्यानंतर डोनलने ज्ञानेशचा फोन कधी उचलला नाही.

शनिवारी ज्ञानेश दोन तास गाडी चालवून त्या गावी गेला. संघाचा सराव चालू होता. कोलम कुंपणाला टेकून इतरांना पाहत उभा होता. ज्ञानेशला ओळखून तो सरळ झाला.

"मी डीव्हीडी पाहिली," ज्ञानेश म्हणाला. "तुला बॉल लागला होता. माझं चुकलं."

"ते मला तेव्हाच माहीत होतं."

"मी समितीला लिहिलं. त्यांनी ऐकलं नाही. माझी फायनलही काढून घेतली."

"मग माझ्याकडे कशाला आलास? मी तुला माफ करावं म्हणून?"

ज्ञानेशने गाडीची किल्ली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"मी आईला काय सांगतोय माहितीये? माझाच टॅकल वाईट होता म्हणून. सांगता सांगता मलाही ते पटायला लागलं होतं," कोलम म्हणाला. "आता तेही नाही."

शिट्टी वाजली. खेळाडू पाणी प्यायला बाजूला येऊ लागले, तसा कोलम वळून त्यांच्यात गेला.

फायनलच्या रविवारी रुचाने टीव्ही लावला. नंदिनीने तो बंद केला. कोलमचा संघ दोन गोलांनी हरला, हे ज्ञानेशला सोमवारी ऑफिसच्या किचनमध्ये दुसऱ्यांच्या बोलण्यातून कळलं.

जानेवारीत नवी यादी आली. तिच्यात त्याचं नाव नव्हतं. सोबतच्या पत्रात, असेसर म्हणून काम करायला आवडेल का, असं एका ओळीत विचारलं होतं. त्याने काहीच कळवलं नाही.

आता शनिवारी सकाळी तो लुआसची ट्राम पकडून सँडीफोर्डच्या ऑफिसात जातो. काम असतंच असं नाही. नंदिनी एकदा म्हणाली, आता तरी घरी थांब. तो हो म्हणाला, आणि पुढच्या शनिवारी पुन्हा गेला.