नवाची बेरीज

मार्चपासून डॅडची स्मरणशक्ती दगा द्यायला लागली होती. किटली गॅसवर जळून गेली, मला आईच्या नावाने हाक मारून झाली. मी ते कुणाला कळू दिलं नाही. जुन्या गाड्यांचे मालक म्हणजे सगळे एका कुळातले. एकाला कळलं की सगळ्या लँकेशर परगण्यात झालं, आणि मग आमच्या, ऑर्मरॉडच्या दुरुस्तीच्या शेडकडे कोण फिरकणार? आणि शेड गेली तर डॅड कशासाठी उठणार? 

त्या शनिवारी मिस्टर पिलिंग आपली हिरवी दोन सीटची गाडी घेऊन आला. निवृत्त दंतवैद्य, सगळ्या यंत्रांना दात समजणारा. इंजिनाची टिकटिक बायकोला सोसवेना म्हणून या पठ्ठ्याने व्हॉल्व्हच्या फटी स्वतःच आवळल्या होत्या.

"ऐका! मांजरासारखं गप्प आहे की नाही?"

"मेलेलं मांजरही गप्पच असतं," डॅड म्हणाला. "अहो, तापला की व्हॉल्व्ह लांबतो. वर फट नसली तर मिटणार कसा? जळतो. तुकडा आत पडला तर इंजिनाची राख."

पिलिंगला नुसतं फटींचं काम नको होतं, गाडीची ताकदही मोजून हवी होती. म्हणजे मागची चाकं रोलरवर, गाडी पट्ट्यांनी जखडलेली, आत डॅड, आणि पाय पुरता दाबलेला.

आधी फटी. आमची पद्धत मी शाळेत असल्यापासूनची. व्हॉल्व्ह आठ. इंजिन हाताने फिरवायचं, जो पुरता उघडेल त्याचा आकडा नवातून वजा करायचा, उरेल त्या आकड्याच्या व्हॉल्व्हची फट लावायची. डॅड पुकारतो, मी उत्तर देते. खडूने खुणा करणाऱ्यांना तो हसतो.

"दोन उघडा."

"सात."

मापाची पोलादी पट्टी फटीत सरकली, स्क्रू फिरला, नट आवळला. हात अजून तोच होता. मला जरा बरं वाटलं.

इतक्यात पिलिंगने बायकोच्या कानांची कथा काढली. डॅड हसला, बोलता बोलता इंजिन फिरवत राहिला आणि पुढचा आकडा पुकारला. मी उत्तर दिलं. त्याने व्हॉल्व्हवरचं झाकण बसवलं तेव्हा माझ्या लक्षात आलं, 'पाच उघडा' हे आज झालंच नाही. म्हणजे चौथा राहिला. पिलिंगने आवळलेला तसाच.

तोंड उघडलं. पिलिंग शेजारीच उभा. मिटलं. वाटलं, मीच ऐकायला चुकले असेन. खोटं, मी चुकले नव्हते.

डॅडने पट्ट्या ओढून पाहिल्या आणि गाडीत बसला. मी ताकदीच्या काट्यापाशी गेले. रोलर घरघरले, जमीन थरथरली. काटा चढायला लागला.  पिलिंग अंगठा दाखवत होता, मूर्ख. मला काट्याचं काही नव्हतं. इंजिनामागच्या पातळ पत्र्याआड डॅडचे गुडघे होते. मागून, धुराच्या नळीतून फट् असा आवाज आला. काटा अडखळला. पुन्हा फट्. मी हात वर केला. थांब, याची आमची खूण तीच. क्षणभर वाटलं, ही खूणही तो विसरला असेल, आणि मी किंचाळलेच.

त्याने पाय काढला. रोलर हळूहळू थांबले.

"काय झालं?" पिलिंग.

"पट्टा सैल वाटला," मी म्हणाले.

डॅड उतरला. पट्ट्याकडे त्याने पाहिलंही नाही. माझ्याजवळ येऊन हळू आवाजात विचारलं, "कुठला राहिला?"

"डॅड, ते नंतर..."

"तुला झाकण लावतानाच कळलं होतं. तुझं तोंड पाहिलं मी. मला वाटलं, असेल काही, नाहीतर बोलली असती." त्याने हात फडक्याला पुसले. "पोरी, विसरण्याची भीती आता मेली. मी विसरेन आणि तू लाजेने गप्प राहशील, याला मी घाबरतो. मग या गाडीत मी कुणाच्या भरवशावर बसायचं?"

 त्याने खिशातून पाना काढला आणि इंजिनापाशी जाऊन उभा राहिला. पिलिंग कान टवकारून आमच्याकडे बघत होता.

"पाच उघडा होता तेव्हाचा," मी पिलिंगच्या देखत, शेडभर ऐकू जाईल असं म्हणाले. "चौथा राहिला, डॅड."

"चौथा," तो म्हणाला आणि झाकणाचे नट सोडायला लागला.