पाचव्या आसरेचा डोळा

डोळा कापसाला लागून आला आणि अक्षयाच्या तोंडचं पाणी पळालं. देवळाच्या भिंतीवर साती आसरा रंगवलेल्या होत्या. त्यांतल्या पाचवीचा डावा डोळा आता तिच्या हातातल्या ओल्या बोळ्यावर काळा डाग होऊन बसला होता.

आसरांना, पाण्यात राहणाऱ्या त्या सात देवींना, वाडीत सगळेच वचकून. खाडीत होडी लोटण्याआधी नारळ ठेवल्याशिवाय कुणी निघत नाही. आणि त्यांच्यापैकी एकीचा डोळा पुसून टाकला कुणी, तर मुंबईहून कलाशाळेची पदवी घेऊन आलेल्या आपल्याच वाडीतल्या पोरीने!

पदवीचा तोरा तरी केवढा! देवस्थानचा रितेश भिंतीवर नवा ऑइलपेंट मारायला निघाला होता, त्याला तिने भरसभेत गप्प केलं होतं. "हे फ्रेस्को आहे. चुन्याचा गिलावा ओला असताना रंग दिला की तो भिंतीतच मुरतो, पाण्याने जात नाही. नुसती धूळ पुसायची." शब्दच असा भारदस्त की सभेने माना डोलावल्या. तिचे सखारामकाका तर तिला जामीन राहिले. "पोरीच्या हातून काय बिघडलं, तर रितेशने खुशाल भिंत रंगवावी."

तिने आधी कोपऱ्यातल्या निळ्या पाण्यावर बोळा फिरवून पाहिला होता. रंग हलला नाही, म्हणून बाईसाहेब थेट सगळ्यांत मळलेल्या पाचवीच्या चेहऱ्यावर गेल्या. आता तिला सगळं आठवलं. चितारी पाणी, झाडं, लुगडी ओल्या भिंतीवर उरकतो. चेहऱ्यांना वेळ लागतो, तोवर गिलावा सुकतो. मग डोळे आणि ओठ डिंकात कालवलेल्या रंगाने वरून काढायचे. याला सेक्को म्हणतात. परीक्षेत तिने हेच लिहून चांगले मार्क मिळवले होते!

बाहेर काकांचा आवाज आला. अक्षयाने पिशवीतला ब्रश काढला, काळा रंग कालवला आणि डोळा भरून टाकला.

काका आणि रितेश आत आले. रितेश भिंतीजवळ जाऊन बघतच राहिला.

"काय गो, ही तर एकदम जिवंत दिसतेय! काय केलंस?"

"पुसलं फक्त," अक्षया म्हणाली. "मूळ रंग वर आला."

काकांची छाती फुगली. रितेशही खूश झाला. "मग बाकीच्या कशाला थांबायच्यात? मी पण हात लावतो." त्याने तिथलं फडकं बादलीत बुडवलं आणि सहाव्या आसरेच्या तोंडापर्यंत नेलं.

"नको!" अक्षयाने त्याचं मनगट धरलं. "रितेशदादा, पाण्याने जाईल! पाचवीचा गेला. हा डोळा तिचा नाही, मी काढलाय. मी खोटं बोलले."

फडक्यातून पाणी फरशीवर गळत राहिलं. काकांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. शरमेने त्यांचा चेहरा काळवंडला होता.

"शब्द म्हणजे शब्द," ते रितेशला म्हणाले. "ऑइलपेंट कधी आणतोस?"

अक्षयाला रडू फुटलं. "काका, मला काय वाटेल ते बोला, पण भिंत नका घालवू. बाकीच्या सहा तशाच आहेत."

रितेशने त्या सहाजणींकडे पाहिलं. मग हळूच फडकं खाली ठेवलं आणि हात सदऱ्याला पुसले.

"मी नाय ब्रश लावायचा, काका. एकीचा डोळा गेलाय, त्याचं काय होतंय ते आधी बगू. कोणाला भोगायला लागतंय ते."

बोलता बोलता त्याची नजर अक्षयावर येऊन थांबली. काकांचीही.

भिंत वाचली होती. अक्षयाला आनंद व्हायला हवा होता. आसरा वगैरे काही नसतं, असं ती मुंबईतल्या मैत्रिणींना हसून सांगत असे. तिने ब्रश गोळा केले, पिशवी खांद्याला लावली आणि दारापर्यंत गेली. घराची वाट खाडीच्या कडेने जात होती.

"काका," ती मागे वळून म्हणाली, "मला घरापर्यंत सोडाल?"