मोहफुलं वेचायचं यंत्र

ललितानं घाणेरीच्या झुडपात हात घालून यंत्राची मूठ धरली आणि जोर लावून ते बाहेर ओढलं. चाकाच्या आऱ्यांत कोळ्यानं ऐसपैस जाळं विणलं होतं. ते तिनं पदरानं पुसलं, मग दात्यांना चिकटलेली वाळवीची माती काडीनं खरवडली. मागून नवऱ्याचा आवाज जवळ येत होता. कुणाला यंत्र दाखवायचं असलं की खेमराज असाच मोठमोठ्यानं हसत बोलायचा.

पायात सळई बसल्यापासून तो चिचगडच्या या जंगलात आलाच नव्हता. आज बचत गटाच्या रुख्माच्या स्कुटीवर मागे बसून आला होता. गटाच्या बाकी बाया पायीच आल्या.

खेमराजनं आयुष्यभर यंत्रंच केली. सायकलच्या पायडलवर फिरणारा उफणणीचा पंखा, पोपट उडवायला पाण्याच्या थेंबाथेंबानं वाजणारा डबा, भाताच्या रोवणीला बायांनी बसून पुढं सरकायचा एक पाट, जो पहिल्याच बांधीच्या चिखलात बाईसकट रुतला. गोंदियाच्या प्रदर्शनात साहेब लोकांनी ही सगळी पाहिली, चहा पाजला, 'बढिया जुगाड' म्हणाले आणि पुढच्या मांडवात गेले. जुगाड म्हटलं की त्याचं डोकं फिरायचं. गाव त्याला इंजिनेर म्हणायचं, पण ते काही कौतुकानं नव्हे.

चांगलं म्हणायची ती एकटी ललिता. हे यंत्र त्यानं अंगणात मोहफुलं पसरून तयार केलं, आणि अंगणात ते झकास चाललं. जंगलात पहिल्याच दिवशी अडलं. घरी आल्यावर त्यानं विचारलं, तेव्हा तिच्या तोंडून 'मस्त चालते' निघून गेलं. मग काय, ती सगळ्यांच्या आधी उठायची, यंत्र झुडपातच दडवून हातानं वेचायची आणि शिगोशीग टोपली घरी न्यायची. त्या टोपलीकडे पाहूनच बायांनी कर्ज काढून प्रत्येकीला असं यंत्र करून घ्यायचं ठरवलं होतं. आपलं खोटं इतकं लांब जाईल हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

“चालव,” खेमराज म्हणाला.

बँकेच्या साहेबाला दाखवायला रुख्मानं मोबाईलवर व्हिडिओ सुरू केला. ललितानं यंत्र ढकललं. दाते मुळीत अडकले. मागे घेऊन तिनं पुन्हा ढकललं. पेटीत पाला आला, वाळलेलं शेण आलं, चेंगरलेली दोन-चार फुलं आली.

“आज काऊन असं करून राहिलं?” खेमराज लंगडत पुढं झाला. “रोज तं चालते.”

रुख्मानं मोबाईल खाली घेतला.

“भाऊ, तुमी थांबा. ललिता, तू सांग. वापरणारी तू. तू हो म्हटलं तं आमी कर्ज घेतो. बायांच्या अंगावर येईन, समजून बोल.”

खेमराजच्या चेहऱ्यावर अजून हसू होतं. ते तिला आपल्याच हातानं पुसायचं होतं. पण समोरच्या बायाही तिच्यासारख्याच, कंबर धरून घरी जाणाऱ्या.

“मी हातानं वेचतो,” ती म्हणाली. “पयल्या दिसापासून.”

कुणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. “सांगतलं ते बरं केलं,” एवढंच रुख्मा म्हणाली. खेमराजला न्यायला मागून येते असं सांगून ती बायांबरोबर निघाली.

खेमराज मोहाच्या बुडाशी बसला. त्याचा हात चाकावर होता.

“तुमाले वाईट वाटन म्हून...”

“गाव हासते,” तो म्हणाला, “पण हासाले तरी मशीन पाहते. साहेबाईनं बी पायलं. तू पायलंच नाई. तीन मोसम गेले. सांगतलं असतं तं मी सुदरवलं नसतं का?”

ललिताला आधी रागच आला. एवढे मोसम कंबर मोडून वेचलं ते कुणासाठी? शब्द ओठावर आले आणि तिथंच थांबले. मातीचा बैल दाखवणाऱ्या पोराला म्हणावं, तसं तिनं आजवर त्याला 'मस्त' म्हटलं होतं. बैल चालतो की नाही हे कुणी पाहत नाही. तिला फार लाज वाटली.

“दाते लांब झाले,” ती म्हणाली.

त्यानं वर पाहिलं.

“मुळीत फसतात. आन मूठ ठेंगणी हाये, वाकाच लागते. वजन बी लय. उतारावर मलेच ओढून नेते.” तिचा आवाज चढत गेला. “फुलं चेपली तं बाजारात कोन घेईन? पेटी खाली कराले दोन माणसं लागतात. मी एकटी येतो, हे तुमाले मालूम नोयतं का?”

बोलून गेली आणि घाबरली. खिशातून पाना काढून खेमराज दात्यांखालचा नट सैल करू लागला. नट गंजला होता, हलेना. त्यानं पान्यावर भार दिला आणि मान वर न करता विचारलं,

“आन?”