बॉयलर थंड आहे

लाँड्रीवाल्या मामांचा धंद्यातला एकच नियम होता : खिशातलं खिशात. गिऱ्हाइकाच्या खिशात जे सापडेल ते कागदी पाकिटात घालायचं, पाकिटावर कपड्याचा नंबर टाकायचा आणि कपड्याबरोबर परत करायचं. वाचायचं नाही, आणि चुकून वाचलंच तर विसरायचं. या नियमामुळे गावातले निदान तीन संसार आजवर टिकून आहेत, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. चौथा त्यांचा स्वतःचा. पण त्याचं श्रेय ते मामींना देत.

गुरुवारी दुपारी हा नियम मोडला, तोही वाचनाच्या हौसेने नव्हे, इस्त्रीच्या सवयीने. १ नंबरच्या पाकिटातली चिठ्ठी ओली होती आणि चुरगळलेली होती. ओलं आणि चुरगळलेलं काही दिसलं की मामांचा हात आपोआप इस्त्रीकडे जायचा. त्यांनी चिठ्ठीवर फडकं टाकलं, इस्त्री फिरवली, फडकं उचललं, आणि अक्षरं चांगली कडक होऊन समोर उभी राहिली :

‘उडी डावीकडे. उजवा कोपरा मोकळा. वाचून फाडून टाकणे.’

मामांनी इस्त्री बाजूला ठेवली आणि खाली बसले. बसायला खाली काही नव्हतं, हे त्यांना बसल्यावर कळलं.

१ नंबर म्हणजे गोलकीपर. गावच्या संघाचा गोलकीपर म्हणजे मामांचा सख्खा भाचा. लहानपणी बॉल हाताला चिकटायचा म्हणून सगळा गाव त्याला डिंक म्हणायचा. शनिवारी मोसमातला शेवटचा सामना होता. हरलं तर संघ खालच्या गटात जाणार होता. पाहुणा संघ तीन दिवस आधीच येऊन सराव करत होता, आणि गावात लाँड्री एकच असल्यामुळे दोन्ही संघांचे ट्रॅकसूट मामांकडेच पडले होते. पुढच्या मोसमात डिंक या पाहुण्यांकडेच जाणार, अशी कुजबुज महिनाभर चालू होती. आणि आता त्याच्या खिशात ही चिठ्ठी. कुठे उडी मारायची आणि कुठला कोपरा मोकळा सोडायचा, याचा लेखी हुकूम.

"काय झालं हो?" आतून मामींनी विचारलं. खिसे तपासणं आणि पाकिटांवर नंबर टाकणं हे त्यांचं खातं.

"काही नाही. पाठ धरली."

"धरेलच. खाली कशाला बसलात?"

मामांनी चिठ्ठी शर्टाच्या खिशात घातली. इतक्या वर्षांत दुसऱ्याच्या खिशातली वस्तू त्यांच्या खिशात पहिल्यांदाच गेली होती. ती तिथे इस्त्रीसारखीच गरम लागत राहिली.

*

शुक्रवारी सकाळी काउंटरसमोरच्या बाकावर नेहमीची मंडळी जमली. नेहमीची म्हणजे दोन : निवृत्त गणिताचे मास्तर आणि बसचा ड्रायव्हर. दोघांचे कपडे मंगळवारीच तयार झाले होते. ते घेतले तर बाकावर बसायला कारण उरणार नाही, म्हणून दोघेही ते घेत नव्हते.

मास्तरांनी वही उघडली. डिंकच्या प्रत्येक सामन्याचं त्यांनी प्रगतिपुस्तक ठेवलं होतं. "मागच्या चार सामन्यांत सात गोल. झेल घेण्यात घसरण. बाहेर धावत येण्यात किंचित सुधारणा. वर्तणूक समाधानकारक."

"वर्तणूक घेऊन काय चाटायचीय, मास्तर?" ड्रायव्हर म्हणाला. "पोराचा आत्मविश्वास गेलाय. बॉल आला की आधी पंचाकडे बघतो. मी वळणावर कंडक्टरकडे बघत बसलो तर?"

"एकोणीस वर्षांचा आहे तो. एकोणिसाव्या वर्षी तुम्ही काय चालवत होतात?"

"सायकल. पण चौपन्न माणसं बसवून नाही."

मास्तर हसले नाहीत. त्यांनी पान उलटलं. "एक गोष्ट मात्र मला झोपू देत नाही. पेनल्टी अकरा. अकराच्या अकरा वेळा याची उडी डावीकडे. उजवीकडे शून्य. गणितात असं होत नाही."

"गणितात होत नसेल, व्यवहारात होतं." ड्रायव्हरने आवाज खाली आणला. "ठरलेलं असलं की होतं."

मामांच्या हाताखाली कसला तरी वास आला. एका डॉक्टरांच्या पांढऱ्या शर्टाची कॉलर करपली होती.

"मामा, तुमचाच भाचा म्हणून विचारतो, राग मानू नका," ड्रायव्हर म्हणाला. "जाणार आहे का हो तो तिकडे?"

"मला काय माहीत?"

"मामाला माहीत नाही तर कुणाला माहीत असणार?"

"कपडे तयार आहेत तुमचे. घेऊन जा."

एवढं वाईट मामा आजवर कुणालाच बोलले नव्हते.

"उद्या हरलो आणि यात काही काळंबेरं निघालं," ड्रायव्हर उठता उठता म्हणाला, "तर मागच्या गोलीचं काय झालं ते आठवा म्हणजे झालं."

आठवायची गरज नव्हती. मागच्या गोलकीपरच्या पायांमधून एक साधा बॉल गेला होता. विकला गेला, असं कुणीतरी म्हणालं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या घराच्या दारावर फाटकं जाळं टांगलेलं होतं. त्याने काढलं की पुन्हा टांगायचे. रोज. दाराला हात लावायचा नाही, शिवी द्यायची नाही, फक्त जाळं. दोन महिन्यांनी त्याच्या मुलीने शाळेत जायचं बंद केलं, तिसऱ्या महिन्यात घराला कुलूप लागलं. तो खरंच विकला गेला होता की नाही, हे अजून कुणाला ठाऊक नाही. एक गोष्ट मात्र मामांना ठाऊक होती. जाळं टांगायला लागणारी दोरी लाँड्रीतून गेली होती. कपडे वाळवायची, पक्की, दुपेडी. मागायला आले तेव्हा मामांनी हसत दिली होती आणि वर विचारलंही होतं, "पुरेल ना?"

*

दुपारी डिंक स्वतः ट्रॅकसूट न्यायला आला. दारात वाकून शिरला. दार तेच होतं, वाढला तो होता. मामींनी त्याच्या गालावरून हात फिरवला आणि वाळलाय, असं जाहीर केलं. मग त्या मागे पिळलेले कपडे टांगायला गेल्या.

मामांनी त्याला निरखून पाहिलं. विकला गेलेला माणूस कसा दिसतो याचा त्यांना अनुभव नव्हता. हा तर नेहमीसारखाच दिसत होता, आणि त्यामुळे त्यांची भीती आणखी वाढली.

"मामा," डिंकने इकडेतिकडे बघत विचारलं, "माझ्या खिशात काही राहिलं होतं का?"

"काय राहायचं होतं?"

"आहे थोडं महत्त्वाचं. कुणाला सांगू नकोस पण. मॅनेजर ओरडेल."

"नव्हतं काही," मामा म्हणाले. धंद्यात बोललेलं हे त्यांचं पहिलं खोटं. पोराचा चेहरा पडला, तो त्यांनी नीट पाहिला.

डिंक निघाला, पण मागच्या दाराशी थबकला. दारामागे बोळ होता. बोळात दाराकडे तोंड करून उभं राहिलं की उजव्या अंगाला लाँड्रीचा बॉयलर, डाव्या अंगाला धुवायच्या चादरींची गाठोडी. आईबाप कामावर गेले की हा पोरगा दिवसभर याच बोळात असायचा. मामा दुपारी हात मोकळे झाले की त्याला बॉल मारायचे, आणि तो झेपावायचा.

"तोच बॉयलर अजून?"

"तोच."

"याने किती भाजलंय मला." त्याने कोपराचा जुना डाग चोळला. "मामा, उद्या तू गोलमागेच बसशील ना? तू मागे असलास की बरं वाटतं."

तो गेल्यावर मामांनी चिठ्ठी काढून पुन्हा वाचली. वाक्यं तीनच होती, पण ती दर वेळी वाढत होती.

*

शनिवारी मामा गोलमागच्या पहिल्या रांगेत बसले. एका बाजूला मास्तर वहीसह, दुसऱ्या बाजूला ड्रायव्हर आवाजासह. चिठ्ठी शर्टाच्या खिशात होती. वेळ आलीच तर ती गिळून टाकायची, असं मामांनी ठरवलं होतं. त्यासाठी सकाळपासून पोटात जागाही ठेवली होती.

सामना जसजसा पुढे सरकला तसतसे मामा मागे सरकत गेले. गोल कुणाचाच होईना. डिंकने दोन बॉल बरे अडवले, एक हातातून निसटला तो खांबाने अडवला. "डिंक सुकला!" मागून कुणीतरी ओरडलं आणि रांगा हसल्या. ते हसणं मामांना ओळखीचं होतं. जाळं टांगण्याच्या आधी लोक असेच हसले होते.

शेवटची पाच मिनिटं उरली होती. गावच्या बचावातल्या एका शहाण्याने समोरच्याचा शर्ट धरला आणि सोडायचं विसरला. शिट्टी वाजली. पेनल्टी.

मास्तरांनी पेन्सिलीला टोक आहे का पाहिलं.

"आता बघा," ड्रायव्हर पुटपुटला. "आता डावीकडे गेला ना, तर समजा काय समजायचं ते."

मामांनी खिशावर हात दाबला. त्यांना पोराच्या घराचं दार दिसत होतं. बहिणीने स्वतः रंगवलेलं, निळं. आणि त्यावर काय टांगलेलं असेल तेही दिसत होतं, दोरीच्या पेडांसकट.

पाहुण्यांचा स्ट्रायकर बॉल घेऊन आला. त्याने बॉल ठेवला, पंच काहीतरी म्हणाला, त्याने पुन्हा ठेवला, आणि दौडीसाठी मागे जाताना गोलकडे पाठ केली.

पाठीवर १.

मामांनी डोळे चोळले. १ तर आपल्या पोराचा. यांच्या पाठीवर १ कसा? शर्टावरचे आकडे तर इंग्रजी असतात. इंग्रजी एक म्हणजे नुसती उभी काठी. आणि हा, वर गाठ आणि खाली शेपूट असलेला, हा एक नव्हेच. हा नऊ.

मामींनी पाहुण्यांच्या ट्रॅकसूटवरचा आकडा पाकिटावर जसा दिसला तसा उतरवला होता. मामांनी तो उभ्या जन्माच्या सवयीने मराठीत वाचला.

चिठ्ठी याची होती.

डोक्यातली तीनही वाक्यं उलटी फिरली आणि सरळ झाली. हुकूम नव्हताच तो. खबर होती. गोलीची उडी डावीकडे, उजवा कोपरा मोकळा, तिथे मार. कुणीतरी मास्तरांसारखाच वही घेऊन बसला होता, आणि त्याचं गणित बरोबर होतं. पोरगा डावीकडेच जाणार. अकरा वेळा गेला तसा बाराव्यांदा जाणार. कारण उजवीकडे बॉयलर होता. आठ वर्षं, रोज दुपारी, उजवीकडे गेलं की चटका आणि डावीकडे गेलं की मऊ चादरी. पोराला कुणी विकत घेतलं नव्हतं. त्याला मामांनीच शिकवलं होतं.

आता तो डावीकडे जाईल, बॉल उजवीकडून आत येईल, आणि लोक दोरी शोधतील.

स्ट्रायकर थांबला. वळला. बोळातला एकच दिवस मामांना आठवला, आठवड्याच्या सुट्टीचा, बॉयलर बंद असायचा तो. त्या दिवशी ते काउंटरवरूनच हाक मारायचे आणि पोरगा दोन्हीकडे माकडासारखा उड्या मारायचा.

मामा बाक सोडून पुढे उभे राहिले. खिशातलं खिशात, हा नियम त्यांना आठवलाही. आठवला आणि घशातून बाजूला सरकला.

"बॉयलर थंड आहे रे!"

मैदान इतकं गप्प होतं की ते सगळ्यांनी ऐकलं.

"काय म्हणाले?" मास्तर.

"गेले," ड्रायव्हर म्हणाला. "मामा कामातून गेले."

डिंकची मान किंचित हलली. त्याने वळून पाहिलं नाही. स्ट्रायकर धावला. आणि पोरगा उजवीकडे गेला. गेला म्हणजे उशिरा, वेडावाकडा, कोपर अंगाशी घेऊन, अजूनही भाजेल म्हणून. पण गेला. बॉल त्याच्या बोटांच्या टोकांना लागला, खांबावर आपटला आणि बाहेर पडला.

पुढचा आरडाओरडा मामांनी ऐकला नाही. ते खाली बसले होते. या वेळीही खाली बाक नव्हता.

*

सामना शून्य-शून्य सुटला आणि संघ वरच्या गटात टिकला. मास्तरांनी वहीत ‘उजवीकडे : एक’ असं लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या. ड्रायव्हरने, आपण सुरुवातीपासून हेच म्हणत होतो, असं तिघांना सांगितलं.

संध्याकाळी मामा लाँड्रीत आले तेव्हा काउंटरच्या खणात दुसरं पाकीट सापडलं. त्यावर नुसती उभी काठी होती, खरोखरचा इंग्रजी एक, आणि आत बसचा पास.

"अहो, डिंकचा पास," मामी म्हणाल्या. "परवापासून खणात आहे. दिला नाहीत?"

डिंक दारातच उभा होता. "हरवला असता तर मॅनेजरने नवा दिला नसता." मग हळूच म्हणाला, "मामा, तू ओरडलास कशाला? तुला कसं कळलं?"

मामांनी उलट विचारलं, "खरं सांग. तिकडे जाणार आहेस?"

"विचारलंय त्यांनी. म्हटलं, घरी विचारून सांगतो." पोराने पास खिशात टाकला. "सांग. जाऊ?"

मामांना वाटलं होतं, भीती मैदानावरच संपली. ती तिथून फक्त लाँड्रीत आली होती. पोरगा गेला तर दारावर काय टांगतील, हे त्यांना माहीत होतं.

तेवढ्यात पाहुण्यांचा मॅनेजर गठ्ठा न्यायला आला. मामांनी ९ नंबरच्या ट्रॅकसूटवर पाकीट ठेवलं आणि दोन्ही हातांनी पुढे केलं.

"खिशात काही राहिलं नव्हतं ना?" मॅनेजरने विचारलं.

"राहिलं होतं," मामा म्हणाले. "इस्त्री करून दिलंय."

मॅनेजर गेला. मामा मागच्या बोळात गेले. वाळत घातलेले कपडे त्यांनी एकेक करून काढले, मग दोरी सोडली. पक्की, दुपेडी. कात्री घेऊन ते खाली बसले आणि तिचे हातभर लांबीचे तुकडे करू लागले.

"अहो, उद्या कपडे कशावर वाळवायचे?" मामींनी विचारलं.

"गाठोड्यांवर," मामा म्हणाले आणि पुढचा तुकडा कापला.